तांब्याचा वाढावा, पिठाची तूट

दर महिन्याच्या अखेरीस झांबियाची राजधानी लुसाका येथून तेथील सरकारी सांख्यिकी संस्था एक मासिक पत्रिका प्रसिद्ध करते. महागाईचा निर्देशांक, मक्याच्या पिठासारख्या जिनसांचे भाव आणि मागील महिन्याच्या आयात-निर्यातीचा हिशेब असा तिचा साधारण मजकूर असतो. या हिशेबाच्या अखेरीस एकच गोष्ट सर्वांच्या नजरेत भरते : या महिन्यात वाढावा झाला की तूट आली. वर्तमानपत्रांना मथळा मिळतो, मंत्र्यांना भाषणाचा मुद्दा मिळतो आणि परदेशांतील कर्जरोख्यांच्या दलालांना भावाचा अंदाज मिळतो. वाढावा असला तर देश सावरत असल्याची ग्वाही दिली जाते; तूट असली तर जनतेला कंबर कसण्याचा उपदेश सुरू होतो. ज्यांनी आपल्या हातांनी ते तांबे खणून काढले आणि ज्यांच्या चुलीवर ते पीठ शिजते, त्यांना त्या आकड्याचा अर्थ मात्र कोणी विचारीत नाही.

या आकड्यावर विसंबण्यात केवढी फसगत आहे, हे २०२० साली जगासमोर आले. त्या वर्षीच्या १३ नोव्हेंबरला झांबियाने आपल्या परकीय रोख्यांवरील ४ कोटी २५ लाख डॉलरांचा व्याजाचा हप्ता थकविला. करोनाच्या साथीच्या काळात देणे बुडविणारा आफ्रिकेतील तो पहिला देश ठरला. देश दिवाळखोर झाला म्हणजे त्याचा परकीय व्यापारही तुटीत असणार, अशी कोणाचीही समजूत होईल. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. त्याच २०२० साली झांबियाची निर्यात आयातीपेक्षा २०० कोटी डॉलरांहूनही अधिक होती. म्हणजे व्यापाराच्या वहीत वाढावा भरभरून वाहत होता आणि राज्याच्या तिजोरीत सव्वाचार कोटींचा हप्ता भरण्याचे त्राण उरले नव्हते. या एका विसंगतीचा उलगडा झाला, तर कच्च्या मालावर जगणाऱ्या देशांचे अर्धे अर्थशास्त्र उलगडते.

कोष्टकात काय दिसते

झांबियाच्या निर्यातीचे कोष्टक वाचावयास फार वेळ लागत नाही. निर्यातीच्या दर शंभर डॉलरांपैकी सुमारे सत्तर डॉलर एकट्या तांब्याचे असतात. हे तांबे भट्टीतून निघालेल्या लाद्यांच्या किंवा शुद्ध केलेल्या पत्र्यांच्या रूपाने बाहेर जाते. सांख्यिकीच्या वर्गवारीत त्याची गणना अर्धसिद्ध मालात होत असल्यामुळे, हा देश कच्चा माल फारसा विकतच नाही, असा सुखद भास निर्माण होतो. प्रत्यक्षात तार, विजेच्या यंत्रांतील गुंडाळ्या, मोटारी ही तांब्याची पुढची रूपे बहुतांशी परदेशांतील कारखान्यांत जन्माला येतात आणि त्यांतील मजुरी व नफाही तेथेच राहतो.

आयातीच्या बाजूला खाणींची यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग, डिझेल, रसायने, खते, वाहने, औषधे असा माल असतो. तो मुख्यतः दक्षिण आफ्रिका, चीन आणि आखाती देशांतून येतो. शेजारच्या काँगोतील तांब्याचे खनिजही झांबियाच्या भट्ट्यांत वितळण्यासाठी येते. ते प्रथम आयात म्हणून आणि नंतर धातू झाल्यावर निर्यात म्हणून नोंदले जाते, त्यामुळे कोष्टकाच्या दोन्ही बाजू फुगतात. देशाला समुद्रकिनारा नाही. आठ शेजारी देशांनी तो वेढलेला आहे. बाहेरून येणाऱ्या मालाची किंमत विमा आणि वाहतूक धरून मांडली जाते. बंदरापासून हजार-दोन हजार किलोमीटरचा रस्ता तुडवून आलेल्या प्रत्येक पोत्यावर आणि पिंपावर तो खर्च चढलेला असतो.

महिन्यागणिक होणाऱ्या चढउतारांनाही एक लय असते. नोव्हेंबरात पाऊस सुरू होतो, म्हणून त्याआधीच्या महिन्यांत खताची आयात वाढते. एप्रिल-मे महिन्यांत मका घरात येतो, तंबाखू बाजारात उतरतो आणि शेतमालाची निर्यात थोडी डोके वर काढते. एखादी मोठी भट्टी दुरुस्तीसाठी बंद राहिली की त्या महिन्याची तांब्याची निर्यात घसरते आणि पुढच्या महिन्यात तुंबलेला माल एकदम बाहेर पडतो. शिवाय पहिल्यांदा जाहीर होणारा आकडा तात्पुरता असतो आणि पुढे तो दुरुस्त केला जातो. वर्तमानपत्रांतील मथळे मात्र दुरुस्त होत नाहीत. तेव्हा एका महिन्याच्या वाढाव्यावरून नगारे वाजविणे आणि एका महिन्याच्या तुटीवरून ऊर बडविणे हे दोन्ही सारखेच पोरकट आहे.

या सगळ्या लयींवर मात करणारी शक्ती देशाबाहेर आहे. तांब्याचा भाव लंडनच्या धातुबाजारात ठरतो. खाणीतून तेवढेच टन निघाले, कामगाराने तेवढाच घाम गाळला, तरी लंडनमध्ये भाव कोसळला की लुसाकाच्या कोष्टकातील वाढाव्याची तूट होते. २०१६ च्या आरंभी टनाचा भाव ५ हजार डॉलरांच्या खाली होता. २०२१ च्या मे महिन्यात तो १० हजारांच्या वर गेला. या पाच वर्षांत झांबियाचे श्रम दुप्पट झाले नव्हते किंवा शहाणपणही दुप्पट झाले नव्हते. विक्रेत्याला स्वतःच्या मालाचा भाव ठरविता येत नाही, खरेदीला गेल्यावर यंत्रांचा आणि तेलाचा भावही ठरविता येत नाही, आणि तरीही त्याच्या कर्तृत्वाचे मोजमाप मात्र या दोन भावांतील फरकावरून केले जाते!

वाढाव्याच्या दोन जाती

वाढावा दोन कारणांनी होऊ शकतो. विकलेल्या मालाचे पैसे वाढले तरी तो होतो आणि खरेदी आटली तरी होतो. आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो, परंतु घराघरांतील त्याचे परिणाम अगदी भिन्न असतात. ज्या कुटुंबाने धान्य आणि औषध घेणे बंद केले, त्याच्याही हिशेबात महिन्याअखेर चार पैसे शिल्लक दिसतात. त्याला कोणी समृद्धी म्हणत नाही.

२०२० सालच्या झांबियाच्या वाढाव्यात ही दुसरी जात मोठ्या प्रमाणात मिसळलेली होती. वर्षारंभी एका डॉलरला सुमारे १४ क्वाचा पडत होते. वर्षअखेर २१ पडू लागले. आयात मालाची किंमत त्याच प्रमाणात वाढली, साथीने व्यवहार गारठले आणि आयात कोसळली. वर्षाच्या उत्तरार्धात तांब्याचा भाव सावरला आणि दोन्ही आकड्यांतील अंतर रुंदावले. कोष्टक जसजसे सुधारत गेले, तसतशी घरातली चूल मंदावत गेली.

त्यापूर्वी २०१५ साली तांब्याचा भाव पडला, तेव्हा क्वाचाची किंमत एका वर्षात चाळीस टक्क्यांहून अधिक घसरली. खाणींनी हजारो कामगारांना घरी बसविले. त्या वेळचे अध्यक्ष एडगर लुंगू यांनी १८ ऑक्टोबर २०१५ हा दिवस राष्ट्रीय प्रार्थनादिन म्हणून पाळावयास सांगितला. चलन सावरावे म्हणून देशभर देवाची करुणा भाकण्यात आली. याला हसणे सोपे आहे. परंतु ज्या राज्यकर्त्याच्या हाती भावाचे, खाणींचे वा निर्यातीच्या रकमेचे कोणतेच सूत्र उरलेले नाही, त्याने प्रार्थनेखेरीज दुसरे काय करावे, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

तांबे जाते कोठे, पैसा राहतो कोठे

झांबियाचे सर्वाधिक तांबे कोणता देश विकत घेतो, असे विचारले तर कोष्टक अनेक वर्षे एक चमत्कारिक उत्तर देत आले आहे : स्वित्झर्लंड. त्या डोंगराळ देशात एवढे तांबे पचविणारे कारखाने नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९९५ ते २०१४ या काळात झांबियाच्या दप्तरात स्वित्झर्लंडला गेलेले म्हणून सुमारे २,८९० कोटी डॉलरांचे तांबे नोंदले होते. ही रक्कम देशाच्या एकूण तांबे-निर्यातीच्या निम्म्याहून अधिक होती. स्वित्झर्लंडच्या आयातीच्या दप्तरात ते तांबे दिसत नव्हते.

या तफावतीला चोरी म्हणून मोकळे होणे न्याय्य ठरणार नाही. त्या अभ्यासावर झालेल्या टीकेत तथ्य होते. स्वित्झर्लंडमध्ये बसलेल्या व्यापारी कंपन्या माल विकत घेतात, कागद तेथे फिरतात आणि जहाज सरळ चीनकडे किंवा अन्यत्र जाते. झांबियाचे दप्तर खरेदीदाराचा पत्ता लिहिते, स्वित्झर्लंडचे दप्तर हद्दीत आलेला मालच मोजते. तफावतीचा बराचसा भाग यातून निर्माण होतो. पण हे स्पष्टीकरण स्वीकारल्यावर मूळ प्रश्न अधिकच टोकदार होतो. माल एका देशातून निघतो, दुसऱ्या देशात वापरला जातो आणि त्याची मालकी तिसऱ्याच देशात हात बदलते, तर त्या हातबदलातील नफा कोणाच्या वहीत जातो? खाण आणि व्यापारी पेढी एकाच धन्याच्या असतील, तर खाणीने पेढीला माल कोणत्या भावाने विकला, हे कोण तपासणार? झांबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या मे महिन्यात याचे एक उत्तर दिले. मोपानी या खाण-कंपनीने आपल्याच धनी समूहातील ग्लेनकोर या कंपनीला तांबे बाजारभावापेक्षा कमी दराने विकल्याचे मानून न्यायालयाने कर वसूल करण्याचा सरकारचा हक्क उचलून धरला. मालाचे व्यवहार २००६ ते २००९ या काळातले होते. न्याय मिळाला, पण तोवर दशक उलटून गेले होते.

दुसरी गळती कायदेशीर आहे. निर्यातीचा आकडा म्हणजे देशाबाहेर गेलेल्या मालाची किंमत. तेवढी रक्कम देशात परत आली, असा त्याचा अर्थ होत नाही. तिच्यातून खाणीच्या मालकाचा लाभांश, त्याच्या परदेशी कर्जाचे व्याज आणि व्यवस्थापनाचे शुल्क बाहेरच्या बाहेर वळते होते. सरकारने २०१३ साली परकीय चलनाच्या या ये-जा करणाऱ्या प्रवाहावर देखरेख ठेवण्याचा नियम केला आणि २०१४ च्या मार्चमध्ये तो मागे घेतला. निर्यातीच्या रकमेचा माग ठेवणारी नवी व्यवस्था मध्यवर्ती बँकेने लागू केली ती २०२४ च्या जानेवारीत. माग ठेवणे म्हणजे रक्कम देशात राखणे नव्हे. तरीही स्वातंत्र्यानंतर साठ वर्षांनी का होईना, आपल्या मालाचे पैसे कोठे जातात हे विचारण्याचे धैर्य राज्याने दाखविले, याची नोंद घेतली पाहिजे.

दिवाळखोरीचा उलगडा येथे होतो. वाढावा खाणीच्या वहीत होता. देणे राज्याच्या वहीत होते. २०१२, २०१४ आणि २०१५ साली परकीय बाजारात विकलेले ३०० कोटी डॉलरांचे रोखे राज्याच्या नावावर होते. त्यांचे व्याज डॉलरांत द्यावयाचे होते आणि कर गोळा होत होता क्वाचांत. दोन वह्या वेगळ्या होत्या, आणि मासिक पत्रिकेत छापली जात होती ती पहिली.

जुनीच वही, नवे कारकून

ही व्यवस्था काल-परवाची नाही. उत्तर ऱ्होडेशिया या नावाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात असताना खनिजावरील स्वामित्वधन लंडनमधील ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीला मिळत असे. तांबेपट्ट्यातील आफ्रिकी कामगारांनी १९३५ आणि १९४० साली संप केले. दोन्ही वेळा गोळीबार झाला, आणि १९४० साली न्काना येथे १७ कामगारांचे बळी पडले. २४ ऑक्टोबर १९६४ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा स्वतःच्या भूमीखालील खनिजावरचा हक्क परत मिळविण्यासाठीही त्याला पैसे मोजावे लागले. कंपनीला ४० लाख पौंड देण्यात आले आणि त्यांतील निम्मा भार नव्या राष्ट्राच्या माथी आला.

केनेथ काउंडा यांच्या सरकारने १९६९ साली खाणींतील ५१ टक्के भाग राज्याकडे घेण्याचा निर्णय जाहीर केला. तो ऐतिहासिक होता. त्या काळी वर्षाला सात लाख टनांहून अधिक तांबे निघत होते आणि निर्यातीचे नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न त्यावर उभे होते. परंतु भरपाईचे रोखे जुन्या मालकांना मिळाले आणि व्यवस्थापनाचे करारही आरंभी त्यांच्याकडेच राहिले. चिली, पेरू, झैर आणि झांबिया या तांबे विकणाऱ्या देशांनी १९६७ साली संघटना स्थापली होती. पण तेल-उत्पादकांना जे साधले ते तिला साधले नाही. १९७४ च्या वसंतात उच्चांकाला पोहोचलेला तांब्याचा भाव वर्षअखेर निम्म्याहून खाली आला, आणि त्याच सुमारास तेल महागले. भर म्हणून ऱ्होडेशियातील गोऱ्या राजवटीशी झालेल्या संघर्षामुळे दक्षिणेकडची वाट १९७३ साली बंद झाली. चीनच्या साहाय्याने बांधलेला, दार-ए-सलामपर्यंतचा १,८६० किलोमीटरचा लोहमार्ग १९७६ मध्ये हाती आला, तोवर भाव कोसळून गेले होते. वंशद्वेष्ट्या राजवटींविरुद्ध ठाम उभे राहण्याची किंमत या गरीब देशाने रोखीने चुकविली आहे, हे त्याच्या चुका मोजणाऱ्यांनी विसरता कामा नये.

मग कर्जे आली आणि कर्जांमागून अटी आल्या. १९८६ च्या डिसेंबरात मक्याच्या पिठावरील अर्थसाहाय्य काढून घेताच तांबेपट्ट्यातील शहरे पेटली, माणसे मेली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. १९८७ च्या मे महिन्यात काउंडांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी फारकत घेतली; ती फार काळ टिकली नाही. १९९१ साली सत्तांतर झाले आणि १९९७ ते २००० या काळात खाणी विकल्या गेल्या. त्या वेळी तांब्याचा भाव तळाला होता आणि वार्षिक उत्पादन अडीच लाख टनांच्या आसपास घसरले होते. अडलेल्या शेतकऱ्याने पडत्या भावात जमीन विकावी तसा तो व्यवहार झाला. खरेदीदारांशी झालेल्या करारांत स्वामित्वधनाचा दर अवघा ०.६ टक्के ठरला. काही वर्षांतच भाव चढले. २००८ साली सरकारने आकस्मिक नफ्यावर कर बसविला आणि २००९ साली जागतिक मंदीच्या धाकाने तो काढून टाकला.

खरेदीदारांत सर्व खंडांचे भांडवल होते. चांबिशीची खाण चिनी कंपनीकडे गेली. २००५ च्या एप्रिलमध्ये तेथील स्फोटकांच्या कारखान्यात ४० हून अधिक कामगार मेले. कोंकोला खाणींतील ५१ टक्के भाग २००४ साली वेदांता या भारतीय मालकीच्या समूहाने घेतला. चिंगोला परिसरातील ग्रामस्थांनी नदीच्या प्रदूषणाबद्दल या समूहाविरुद्ध इंग्लंडच्या न्यायालयात दाद मागितली, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तो दावा चालविण्यास मुभा दिली. त्याच वर्षी झांबिया सरकारने खाण अवसायकाच्या ताब्यात दिली आणि पुढे २०२४ मध्ये ती पुन्हा त्याच समूहाकडे आली. मालकाचा रंग, खंड वा निशाण बदलल्याने खाणीच्या हिशेबाची रीत बदलत नाही, हा धडा भारतीय वाचकाने विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

राष्ट्रीयीकरणाने काय शिकविले

येथे समाजवादी चळवळीला एका अवघड प्रश्नाला तोंड द्यावे लागते. खाणी तीस वर्षे राज्याच्या ताब्यात होत्या. मग त्या डबघाईला का आल्या? भाव कोसळले हे खरे, पण तेवढे उत्तर पुरेसे नाही. चढत्या भावाच्या वर्षांत जी रक्कम आली, तिच्यातून खाणींचे नूतनीकरण पुरेसे झाले नाही आणि तांब्याखेरीज दुसरा पायाही घातला गेला नाही. शहरांत पीठ स्वस्त राहिले, आणि त्याचा बोजा मक्याला रास्त भाव न मिळणाऱ्या शेतकऱ्यावर पडला. १९७२ साली एकपक्षीय राजवट आली. खाणीचा हिशेब विचारणाऱ्या कामगार-पुढाऱ्यांना तुरुंग दिसला. सरकारी खाणीने कामगारांना घरे, दवाखाने आणि शाळा दिल्या, आणि विक्रीनंतर त्या गेल्यावर त्यांचे मोल लोकांना कळले. परंतु निर्णयात कामगाराला वाटा दिला गेला नाही. राज्याची मालकी लोकांच्या देखरेखीखाली नसेल, तर ती नोकरशाहीची मालकी होते आणि पहिल्याच वादळात लोक तिच्या रक्षणासाठी धावून येत नाहीत. १९९१ साली खाणकामगारांच्या संघटनांनीच खासगीकरणवाद्यांना सत्तेवर बसविले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

पाऊस, वीज आणि पीठ

तांब्याच्या भावावर उभ्या असलेल्या घराचा दुसरा खांब पाऊस आहे, याची आठवण २०२४ ने करून दिली. त्या वर्षी तांब्याचा भाव पुन्हा १० हजार डॉलरांच्या वर गेला होता. पण पाऊस रुसला, मक्याची शेते उभी वाळली आणि २९ फेब्रुवारीला सरकारला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. देशाची वीज मुख्यतः पाण्यावर होते. करिबाचे जलाशय आटले आणि शहरांतील घरे दिवसाचे वीस-वीस तास अंधारात राहिली. मका आणि वीज दोन्ही बाहेरून आणावी लागली. खाणींनी डॉलर मोजून परदेशी वीज घेतली व आपल्या भट्ट्या चालू ठेवल्या. शिवणयंत्र चालविणारा, वेल्डिंग करणारा, पिठाची गिरणी चालविणारा मात्र बसून राहिला. त्या वर्षी तांब्याचे उत्पादन आठ लाख टनांवर गेले. एकाच वर्षी एकाच देशात तांब्याची भरभराट आणि अन्नाचा दुष्काळ नांदू शकतो, याचे याहून ठसठशीत उदाहरण कोणते?

सरकारी पाहणीचाच दाखला द्यायचा तर, २०१५ साली झांबियातील ५४.४ टक्के लोक दारिद्र्यात होते आणि २०२२ साली ६० टक्के. ग्रामीण भागात हे प्रमाण ७८.८ टक्के होते. मधल्या काळात कित्येक महिन्यांचे मथळे वाढाव्याचे होते.

तीस लाख टनांचे स्वप्न

विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी आणि नव्या ऊर्जा-यंत्रणांसाठी जगाला तांबे हवे आहे. झांबियाचे सरकार पुढील दशकाच्या आरंभापर्यंत वार्षिक उत्पादन तीस लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट सांगते. अटलांटिक किनाऱ्यावरील लोबितोपर्यंत पश्चिमेकडचा लोहमार्ग व्हावा म्हणून अमेरिका आणि युरोप पुढे आले आहेत. पूर्वेकडच्या जुन्या लोहमार्गाच्या पुनरुज्जीवनासाठी चीन पुढे आला आहे. झांबियाच्या तांब्याला दोन दारे मिळत आहेत, ही वाईट गोष्ट नव्हे. दोन गिऱ्हाईके असली की विकणाऱ्याचे बळ वाढते. पण दोन्ही दारे बाहेरच उघडतात. उत्पादन चौपट झाले आणि हिशेबाची रीत तीच राहिली, तर खड्डे चौपट खोल होतील, नद्यांतील आम्ल चौपट होईल आणि मासिक पत्रिकेतील आकड्याला एक शून्य वाढेल, एवढेच.

वेगळ्या वाटेच्या खुणा त्याच कोष्टकाच्या तळाशी, सहसा कोणी वाचत नाही अशा ओळींत सापडतात. तेथे साखर, सिमेंट, सल्फ्युरिक आम्ल, तांब्याची तार असा माल नोंदलेला असतो, आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक शेजारचा काँगो आहे. या मालाच्या मागे कारखाने आहेत, मजुरी आहे, शेतकऱ्याचा ऊस आहे. काँगो आणि झांबिया यांनी २०२२ साली विद्युत्-घटांच्या उत्पादनासाठी सहकार्याचा करार केला, तोही याच दिशेचा आहे. करार कागदावर असतात, कारखाने जमिनीवर उभे राहावे लागतात, याचे भान ठेवूनही या दिशेचे स्वागत केले पाहिजे. त्यासाठी लागणारे भांडवल तांब्याच्या चढत्या भावातूनच यावयाचे आहे. म्हणून स्वामित्वधन, निर्यातीच्या रकमेवरील देखरेख आणि खाण-करारांची जाहीर तपासणी या मागण्या तेथील कामगार संघटना आणि शेतकरी यांच्या जीवनमरणाच्या मागण्या ठरतात.

आयात-निर्यातीची पत्रके सर्वच देशांत निघतात आणि त्यांवरून सर्वत्र सारखेच डंके पिटले जातात. कार्यकर्त्याने असे पत्रक हाती आल्यावर चार प्रश्न विचारावेत. वाढावा विक्री वाढल्याने झाला की खरेदी आटल्याने? मालाचा भाव कोणी ठरविला? निर्यातीच्या रकमेतील किती हिस्सा देशात परतला? आणि जो परतला, तो मजुरीत, शेतात आणि शाळेत गेला की कर्जाच्या व्याजात? या चार प्रश्नांची उत्तरे पत्रकात छापलेली नसतात. ती किट्वे आणि मुफुलिराच्या वस्त्यांत, मक्याच्या पिठाच्या भावात आणि पगाराच्या पाकिटात शोधावी लागतात. तांबे जमिनीतून एकदाच निघते. पुढच्या पिढीला दुसऱ्यांदा खणता येत नाही. म्हणून तेथील प्रत्येक महिन्याचा हिशेब हा पुढच्या पिढीच्या ठेवीतून किती उचलले आणि बदल्यात काय उभे केले, याचाच हिशेब असतो. तो तसा मांडला जाईपर्यंत लुसाकाचे कोष्टक वाढावा दाखवीत राहील आणि चुलीजवळ बसलेल्या बाईला पिठाच्या डब्याचा तळ दिसत राहील.